डोकेदुखीची गोळीच डोकेदुखी होते तेव्हा

एसटीत वाहक असलेल्या एका बाईंची ही गोष्ट. वय ४२. खांद्याला अडकवलेल्या पिशवीत तिकिटाचं मशीन, सुटे पैसे आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी. मशीन बंद पडलं तर डेपोतून दुसरं मिळतं, पण पट्टी संपली तर ड्यूटी होत नाही. म्हणून ती कधी संपू द्यायची नाही, हा त्यांचा नियम. सकाळी उठल्यावर डोकं जड असेल तर एक गोळी. दुपारी उन्हात गाडी तापली, डिझेलचा वास डोक्यात गेला की दुसरी. मुक्कामी गाडी असेल तर ‘रात्री दुखायला नको’ म्हणून झोपण्याआधी तिसरी. अशी सहा वर्षं गेली.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत त्या आल्या त्या डोक्यासाठी नव्हे. पोटात जळजळ होत होती, शौचाला काळी होत होती, जिना चढताना दम लागत होता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच कमी. ‘‘रोजची काही औषधं चालू आहेत का?’’ या प्रश्नावर ‘‘काही नाही’’ असं उत्तर आलं. सोबत आलेली मुलगी मग म्हणाली, ‘‘आई, डोक्याची गोळी घेतेस ना रोज.’’ बाईंच्या लेखी ती औषधात जमाच नव्हती. त्या दिवशी बोटं मोजून हिशेब केला, तेव्हा महिन्यातले साधारण २२ दिवस डोकं दुखत होतं आणि २५ दिवस गोळी पोटात जात होती. पोटातला व्रण त्या गोळ्यांनी केला होता. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळली. रोज दुखणाऱ्या डोक्यालाही त्याच गोळ्यांचा हातभार लागत होता.

या बाई एकट्या नाहीत. कधी शिक्षिका येते, कधी बांधकामावरचा मजूर, कधी बारावीचा मुलगा. हकीकत फार बदलत नाही. मायग्रेन, म्हणजे आपली जुनी अर्धशिशी, हा जगभरात माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांपैकी एक मोठा आजार आहे. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या जागतिक पाहणीच्या २०१९ च्या आकडेवारीत तो अशा आजारांत दुसऱ्या क्रमांकावर होता आणि तरुण स्त्रियांमध्ये पहिल्या. कर्नाटकात बेंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेल्यांचं प्रमाण साधारण २५ टक्के आढळलं. म्हणजे चारांत एक. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हा आजार सुमारे तिप्पट. तरीही डॉक्टरांसमोर बसून ‘माझं डोकं दुखतं, यावर उपचार हवेत’ असं स्पष्ट म्हणणारे थोडेच.

चष्मा, सायनस, पित्त आणि मान

डोकं दुखायला लागलं की माणूस उपाय शोधतोच, फक्त फिरतो भलत्या वाटांनी. पहिली वाट चष्म्याच्या दुकानाची. नंबर बदलला म्हणून वाचताना डोळ्यांवर थोडा ताण येऊ शकतो, पण उलट्या करायला लावणारी, अंधाऱ्या खोलीत झोपवणारी डोकेदुखी चष्म्याच्या नंबराने होत नाही.

दुसरी वाट सायनसची. अर्धशिशीच्या झटक्यात अनेकांचं नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालफडं आणि कपाळ दुखतं, त्यामुळे ‘सायनस आहे’ हा शिक्का सहज बसतो. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ सांगणारे किंवा तसं निदान झालेले जवळपास ३,००० लोक तपासले गेले. त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली. खऱ्या सायनसच्या दुखण्यात सहसा ताप असतो, नाकातून पिवळा-हिरवा घट्ट स्राव येतो आणि ते दुखणं वर्षानुवर्षं दर आठवड्याला येत-जात नाही.

तिसरी वाट पित्ताची, आणि ती आपल्याकडे सगळ्यांत रुळलेली. ‘पित्त उसळलं, उलटी झाली, डोकं उतरलं’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण मळमळ आणि उलटी हे अर्धशिशीचंच लक्षण आहे; त्याची सुरुवात मेंदूत होते, पोटात नाही. झटक्याच्या वेळी जठराची हालचाल मंदावते. म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि ‘गोळीने काही होत नाही’ असं वाटून दुसरी घेतली जाते.

चौथी वाट मानेची. अर्धशिशीत मान आखडणं फार सामान्य आहे, कित्येकदा डोकं दुखण्याच्या आधीच मान धरते. चाळिशीनंतर मानेचा एक्स-रे काढला की मणक्यांत थोडी झीज दिसतेच. मग पट्टा, शेक, मालिश सुरू होतं आणि मूळ आजार तसाच राहतो. घरचे उपाय वेगळेच. सुंठ उगाळून कपाळावर लेप, ओढणी घट्ट बांधणं, पहाटे दूध-जिलेबी. लेपाने किंवा बांधण्याने थोडा आराम वाटत असेल तर हरकत नाही. पण महिन्यातले निम्मे दिवस डोकं दुखत असेल तर हे उपाय पुरणार नाहीत, हे मान्य करायला हवं.

अर्धशिशी जुनाट कधी म्हणायची?

साधी अर्धशिशी अधूनमधून येते. दुखणं बहुधा डोक्याच्या एका बाजूला, नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकणारं. चाललं, जिना चढला की वाढणारं. सोबत मळमळ, उजेड आणि आवाज नकोसे. उपचार न केल्यास झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. काहींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. याला ‘ऑरा’ म्हणतात आणि तो साधारण ५ ते ६० मिनिटांत ओसरतो.

महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखतं, त्यांतले निदान ८ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे असतात आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चालू आहे, अशी स्थिती आली की तिला क्रॉनिक म्हणजे जुनाट मायग्रेन म्हणतात. या टप्प्यावर दुखण्याचं रूपही बदलतं. ठणका कमी होऊन रोजची मंद जडशीळ डोकेदुखी राहते आणि तिच्यावर मधूनच मोठा झटका चढतो. त्यामुळे ‘ही आता अर्धशिशी राहिली नाही, टेन्शनचं दुखणं आहे’ असं रुग्णाला आणि घरच्यांनाही वाटू लागतं.

मेंदूत काय घडतं, हे गेल्या ४० वर्षांत बरंच उलगडलं आहे. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणाची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नावाच्या नसेच्या टोकांतून झटक्याच्या वेळी सीजीआरपी नावाचं रसायन बाहेर पडतं. ते रक्तवाहिन्या फुगवतं आणि वेदनेचे संदेश वाढवतं. हे शोधणाऱ्या लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चार शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. झटके वारंवार येत राहिले की वेदनेची ही यंत्रणा शांत व्हायलाच विसरते. मग केस विंचरणं, चष्म्याची काडी कानावर ठेवणं, उशीवर डोकं टेकणं यांनीही दुखतं. हा मनाचा खेळ नाही आणि कामचुकारपणा तर नाहीच.

गोळ्यांचा हिशेब

अधूनमधून येणारी अर्धशिशी जुनाट होण्यामागे वजन वाढणं, झोप बिघडणं, घोरणं, नैराश्य, चिंता अशी अनेक कारणं असतात. पण ज्यावर रुग्णाला स्वतःला ताबा मिळवता येईल असं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर. इथे प्रश्न एका दिवसात किती गोळ्या घेतल्या हा नसून महिन्यातल्या किती दिवशी घेतल्या, हा आहे.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारखी साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस आणि मिश्र वेदनाशामकं, एर्गोटामिन, ट्रिप्टान किंवा ट्रॅमाडॉलसारखी औषधं महिन्यात १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी जडू शकते. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, दुखलं की गोळी, आणि हे चक्र सुरू राहतं. मेडिकलच्या दुकानात ‘अर्धशिशीची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत एर्गोटामिन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. ती दहा दिवसांच्या यादीत मोडते. शिवाय एर्गोटामिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून हृदयविकार आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना ते धोक्याचं.

नमुनेदार गोष्ट अशी की हीच गोळी कंबरदुखीसाठी रोज घेणाऱ्या, पण अर्धशिशी नसलेल्या माणसाला सहसा ही डोकेदुखी होत नाही. अर्धशिशी असलेला मेंदूच तिला असा प्रतिसाद देतो. डोक्याखेरीज पोटातला व्रण, मूत्रपिंडावरचा ताण आणि वाढलेला रक्तदाब हे रोजच्या वेदनाशामकांचे वेगळे हप्ते आहेतच.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

अर्धशिशी कुठल्याही रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. तिचं निदान रुग्णाच्या सांगण्यावरून आणि तपासणीवरून होतं. ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात, म्हणून ती मिनिटं वाया जाऊ नयेत यासाठी तयारी करून जावं.

घरातल्या कॅलेंडरवर महिनाभर खुणा कराव्यात. डोकं दुखलं त्या तारखेवर फुली, कामच सुचलं नाही असा दिवस असेल तर दोन फुल्या, गोळी घेतली तर गोल, पाळीचे दिवस असतील तर त्यांची वेगळी खूण. महिनाअखेर कॅलेंडरचं ते पान फाडून किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून न्यावं. दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा ते पान जास्त सांगतं. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगावं. कारण ऑरा असलेल्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, धूम्रपान असेल तर आणखी.

आणि एक आकडा सांगावा. गेल्या तीन महिन्यांत किती दिवस कामाला जाता आलं नाही, किती दिवस घरातलं काम निम्म्यावर आलं, किती समारंभ चुकले? ‘खूप दुखतं’ म्हटल्यावर ऐकणारा मान हलवतो. ‘तीन महिन्यांत १४ रजा पडल्या’ म्हटल्यावर तो लिहून घेतो. सुरुवात जवळच्या एमबीबीएस किंवा मेडिसिनच्या डॉक्टरांकडून करावी. सगळ्यांना न्यूरॉलॉजिस्ट लागत नाही. निदानाबद्दल शंका असेल किंवा दोन-तीन औषधं योग्य मात्रेत देऊनही फरक पडला नाही, तर पुढे पाठवलं जातं.

काही लक्षणांसाठी मात्र कॅलेंडर भरत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. क्षणात शिगेला पोहोचलेली, आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी. डोकेदुखीसोबत ताप आणि ताठ मान. हात-पाय लुळे पडणं, बोलताना जीभ अडखळणं, फिट येणं, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. अचानक दृष्टी कमी होणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्याने सुरू झालेली डोकेदुखी ‘जागरणामुळे’ म्हणून सोडून देऊ नये; मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका या काळात असतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा खोकताना, वाकताना, आडवं झाल्यावर वाढणारी डोकेदुखीही लवकर तपासून घ्यायला हवी. स्कॅनची गरज लागते ती अशा वेळी.

उपचार कसे होतात?

जुनाट अर्धशिशीचे उपचार तीन पायांवर उभे असतात. पहिला, अतिवापर झालेली गोळी थांबवणं. हा सगळ्यांत कठीण भाग. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस, साधारण २ ते १० दिवस, डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. हे आधी सांगितलेलं नसेल तर रुग्ण चौथ्या दिवशी पुन्हा दुकानात जातो. म्हणून शक्यतो रजेच्या दिवसांत, घरच्यांना कल्पना देऊन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे करावं. ट्रॅमाडॉलसारखी औषधं एकदम न तोडता हळूहळू कमी करावी लागतात.

दुसरा पाय म्हणजे झटक्यावरचं योग्य औषध, योग्य वेळी. ते दुखणं सुरू होताच, पुरेशा मात्रेत आणि गरजेप्रमाणे उलटीच्या औषधाबरोबर घ्यायचं. साध्या औषधाने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही खास अर्धशिशीची औषधं आहेत. हृदयविकार, पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर ती चालत नाहीत. मात्र कुठलंही असलं तरी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नको, ही मर्यादा पाळावी.

तिसरा पाय प्रतिबंधक औषधांचा. तो बहुतेकांना माहीतच नसतो. डोकं दुखो वा न दुखो, ही औषधं रोज घ्यायची असतात. प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यांतली नेहमीची नावं. पहिली दोन तर जुनी आणि स्वस्त आहेत. कुणाला कुठलं द्यायचं हे माणसावर ठरतं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको. झोप नीट नसेल तर रात्रीचं अ‍ॅमिट्रिप्टिलीन बरं, पण वजन वाढू शकतं. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, कधी शब्द आठवत नाहीत. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करतात, त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी हा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा.

या औषधांचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ती सोडणं ही उपचार फसण्याची नेहमीची जागा. अपेक्षाही बेताची हवी. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर ते मोठं यश आहे. गुण आल्यावर औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालवून हळूहळू कमी करतात.

एवढ्याने भागलं नाही तर पुढचे उपायही आहेत. कपाळ, कानशिलं, मान आणि खांद्यांतल्या ठरावीक ३१ जागी दर १२ आठवड्यांनी दिली जाणारी बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं जुनाट मायग्रेनसाठी अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाली. सीजीआरपीला रोखणारी इंजेक्शनं २०१८ पासून वापरात आली. ती भारतातही मिळतात, पण महाग आहेत आणि प्रत्येकाला त्यांची गरज नसते.

उपास, ऊन आणि न्हाणं

औषधांना साथ दिनचर्येची. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसत नाही. जेवणाची, झोपेची वेळ चुकली की तो तक्रार करतो. रविवारी उशिरापर्यंत झोपलं तरी दुखतं ते यामुळेच. चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे उपास ज्यांना बाधतात त्यांनी निरंकार उपास टाळावा, दर तीन-चार तासांनी काही खावं, पाणी सोडू नये. भर उन्हात डोकं झाकावं. डोक्यावरून न्हाल्यावर अर्धशिशी उठते ही अनेक स्त्रियांची तक्रार पूर्वी कुणी गंभीरपणे घेत नसे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पण एखादं कारण सापडलं म्हणजे आजाराचा दोष रुग्णावर ढकलायला निमित्त मिळालं, असं होऊ नये. ‘तूच उन्हात गेलीस’ हे वाक्य कुणाचंच डोकं उतरवत नाही.

रोजच्या वेदनेने माणूस खचतो. जुनाट अर्धशिशीच्या रुग्णांत नैराश्य बरंच आढळतं. कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो. घरच्यांना करता येण्यासारखी गोष्ट साधी आहे. दुखण्यावर विश्वास ठेवायचा, टीव्हीचा आवाज कमी करायचा आणि पुढच्या तारखेला सोबत जायचं.

वाहक बाईंच्या पोटातल्या व्रणावर उपचार झाले, हिमोग्लोबिन सावरलं. जुनी गोळी बंद केल्यानंतरचा आठवडा त्यांनी रजा काढून अंधाऱ्या खोलीत काढला. पाचव्या दिवशी त्या उठून मेडिकलमध्ये निघाल्या होत्या, मुलीने थांबवलं. रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीनची लहान मात्रा सुरू झाली. पिशवीत आता सकाळचा डबा आणि पाण्याची बाटली असते. चौथ्या महिन्यात त्यांनी कॅलेंडरचं पान टेबलावर ठेवलं, तेव्हा त्यावर ९ फुल्या होत्या आणि ६ गोल. डोकं दुखायचं थांबलेलं नाही. पुढेही अधूनमधून दुखेल. गोळ्यांची पट्टी पिशवीत अजून आहे, फक्त आता ती महिनाभर पुरते.